काळ्या-पांढऱ्या ठशांचे चित्रकार चित्तप्रसाद

चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचा जन्म १९१५ मध्ये बंगालमधील नैहाटी येथे झाला. जातिव्यवस्थेच्या निषेधार्थ त्यांनी आडनाव त्यागले. १९४३ च्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात फिरून त्यांनी सिद्ध केलेले ‘हंग्री बेंगाल’ हे सचित्र पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळले. पुढे मुंबईत अंधेरी येथे राहून त्यांनी लाकूड व लिनोलियमच्या ठशांतून विपुल निर्मिती केली. ठशातील कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला शाई धरतो. करडी छटा रेघांच्या दाटी-विरळपणातूनच भासवावी लागते. शेत, झाड, श्रमिकाचा हात यांचा पोत त्यांनी अशाच रेघांनी साकारला. एका ठशातून अनेक प्रती निघत असल्याने ही कला सामान्यांच्या आवाक्यात आली. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. जाळपोळीतून वाचलेल्या एका प्रतीवरून ते पुस्तक पुढे पुन्हा छापले गेले.