संसारातून स्वर्गाकडे : धन्यवादित मरिया बेल्त्रामे क्वात्रोकी

ख्रिस्तसभेच्या संतांची यादी चाळली तर धर्मगुरू, बिशप, धर्मभगिनी आणि रक्तसाक्षी ह्यांचीच नावे अधिक आढळतात. त्यामुळे चूल, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि महिन्याचा खर्च ह्यांत दिवस घालवणाऱ्या आईला वाटते, पवित्रता ही काही आपल्यासाठी नाही. अशा प्रत्येक आईने धन्यवादित मरिया बेल्त्रामे क्वात्रोकी ह्यांचे चरित्र एकदा तरी वाचावे. त्या मठात गेल्या नाहीत. त्यांनी कोणताही संघ स्थापन केला नाही. त्या पत्नी होत्या, चार मुलांच्या आई होत्या आणि ८१ वर्षांचे दीर्घ आयुष्य त्यांनी घरसंसारातच घालवले.

मरिया कोर्सिनी ह्यांचा जन्म २४ जून १८८४ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील लष्करात अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांमुळे कुटुंबाला गावोगाव फिरावे लागले आणि शेवटी ते रोममध्ये स्थायिक झाले. मरिया हुशार होत्या. वाचन, संगीत आणि लेखन ह्यांची त्यांना आवड होती. रोममध्येच त्यांची ओळख लुईजी बेल्त्रामे क्वात्रोकी ह्या तरुण वकिलाशी झाली. लुईजी सिसिलीतील कातानियाचे. निपुत्रिक काका-काकूंनी त्यांना वाढवले, म्हणून त्यांच्या नावात दोन आडनावे आली. २५ नोव्हेंबर १९०५ रोजी रोमच्या सांता मरिया माज्जोरे ह्या महामंदिरात दोघांचा विवाहसंस्कार झाला.

लुईजी सचोटीचे आणि सुस्वभावी गृहस्थ होते. पण लग्नाआधी त्यांची श्रद्धा मरियांइतकी प्रखर नव्हती. मरियांच्या सहवासात ती हळूहळू वाढत गेली. पुढे दोघेही दररोज पहाटे एकत्र मिस्सेला जाऊ लागले. मिस्सा आटोपून चर्चबाहेर आल्यावरच लुईजी पत्नीला सुप्रभात म्हणत, कारण त्यांच्या लेखी दिवस तिथूनच सुरू होत असे. संध्याकाळी सारे कुटुंब एकत्र बसून रोझरीची प्रार्थना करी. येशूच्या पवित्र हृदयाला त्यांनी आपले घर समर्पित केले होते.

लग्नानंतरच्या चार वर्षांत फिलिप्पो, स्तेफानिया आणि चेझारे ही तीन मुले जन्मली. मरिया चौथ्यांदा गरोदर राहिल्या तेव्हा मात्र ह्या घरावर मोठे संकट आले. १९१३ साल होते. चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आल्याचे निदान झाले. त्या काळी ह्या दुखण्यावर फारसा इलाज नव्हता. आईला वाचवायचे असेल तर गर्भ काढून टाकावा, असा सल्ला रोमच्या नामांकित डॉक्टरांनी दिला. तसे केले नाही, तर आई वाचण्याची शक्यता शंभरात जेमतेम पाच होती.

ह्या प्रसंगाचा थोडा विचार करू या. घरात तीन लहान मुले आहेत, सर्वांत मोठा सात वर्षांचा. आई गेली तर त्यांचे काय? पती तरुण आहे. डॉक्टर जे सांगत आहेत ते पत्नीच्या जिवाच्या काळजीपोटीच सांगत आहेत. तरीही मरिया आणि लुईजी ह्या दोघांनी मिळून नकार दिला. पोटातले मूल हे देवाने दिलेले जीवन आहे, ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही त्यांची श्रद्धा होती. पुढचे चार महिने मरिया अंथरुणाला खिळून होत्या. प्रत्येक दिवस शेवटचा ठरू शकला असता. लुईजींना चर्चमध्ये धर्मगुरूंशी बोलताना अश्रू आवरले नाहीत, ही आठवण मुलांनी जन्मभर जपली. श्रद्धा असली म्हणून भीती वाटत नाही असे नाही. त्या दोघांनी भीती सोसली आणि देवावरचा विश्वासही सोडला नाही.

६ एप्रिल १९१४ रोजी, आठव्या महिन्यात, मुलगी जन्मली. आई आणि बाळ दोघीही सुखरूप होत्या. मुलीचे नाव एन्रिकेत्ता ठेवले. हीच मुलगी पुढे आयुष्यभर आई-वडिलांजवळ राहिली आणि म्हातारपणी त्यांचा आधार झाली. २०१२ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, तिने ह्या जगाचा निरोप घेतला. २०२१ साली ख्रिस्तसभेने तिलाही वंदनीय म्हणून घोषित केले.

मुले मोठी झाली तसे देवाने एकेकाला बोलावून घेतले. १९२४ साली फिलिप्पो सेमिनरीत आणि चेझारे मठात गेले. १९२७ साली स्तेफानिया मिलान शहरातील बेनेडिक्टाईन मठात दाखल झाली. फिलिप्पो धर्मप्रांतीय धर्मगुरू झाले, तर चेझारे पुढे ट्रॅपिस्ट संन्यासी झाले. भरलेले घर तीन वर्षांत रिकामे झाले. मुलांना पाचारण मिळावे म्हणून प्रार्थना करणे एक आणि त्यांची सामानाची पेटी भरून देणे दुसरे. मरियांनी ती भरून दिली आणि मग पत्रांतून मुलांना धीर देत राहिल्या.

त्यांचे प्रेम घराच्या चार भिंतींत मावले नाही. मुलांचे संगोपन आणि शिक्षण ह्या विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली, धर्मशिक्षण दिले, कॅथॉलिक ॲक्शनच्या महिला शाखेत काम केले. आजाऱ्यांना घेऊन त्या लूर्ड्सच्या यात्रेला जात. इथियोपियाच्या युद्धात आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रेड क्रॉसची परिचारिका म्हणून सेवा केली. महायुद्धाच्या काळात त्यांच्या घराचे दार निर्वासितांसाठी उघडे होते.

९ नोव्हेंबर १९५१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने लुईजींचे निधन झाले. ४६ वर्षांचा संसार पूर्ण व्हायला अवघे सोळा दिवस उरले होते. पतीमागे मरिया जवळजवळ चौदा वर्षे जगल्या. ह्या काळात त्यांनी आपल्या वैवाहिक जीवनावर एक पुस्तक लिहिले. २६ ऑगस्ट १९६५ रोजी सेर्राव्हाल्ले ह्या डोंगरगावी त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्या एन्रिकेत्ताच्या कुशीत होत्या. जिच्यासाठी आईने आपला जीव पणाला लावला होता, तिच्याच हातांनी आईला शेवटचा आधार दिला.

२१ ऑक्टोबर २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी मरिया आणि लुईजी ह्यांना एकत्र धन्यवादित घोषित केले. ख्रिस्तसभेच्या इतिहासात पती-पत्नीला एकाच वेळी हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या मिस्सेत त्यांचे दोन्ही धर्मगुरू पुत्र सहभागी झाले होते आणि एन्रिकेत्ताही उपस्थित होती.

संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी साजरा होतो. ह्या जोडप्याचा सण मात्र २५ नोव्हेंबरला, त्यांच्या लग्नाच्या तारखेला असतो. त्या दिवशी वेदीसमोर उभे राहून दिलेला शब्द त्यांनी रोज पाळला. त्यांची पवित्रता ह्यातच होती.

आपणही वेदीसमोर तोच शब्द दिला आहे. आपल्या घरी लग्नाचा वाढदिवस येतो तेव्हा केक कापला जातो, जेवण होते, फोटो काढले जातात. त्या दिवशी पती-पत्नींनी एकत्र मिस्सेला जावे आणि संध्याकाळी मुला-नातवंडांना घेऊन रोझरी म्हणावी. घरात दुखणे असेल, अबोला असेल, मुलांची काळजी असेल, तर ती ह्या आईच्या मध्यस्थीने देवापुढे ठेवावी.

धन्यवादित मरिया आणि लुईजी, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा.