सर जेम्स सिम्सन व प्रसूतिवेदना

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, असें आपल्याकडे घरोघरीं म्हणतात. हें वाक्य कौतुकानें उच्चारलें जातें. पण त्यांत एक कबुली दडलेली आहे. दुसरा जन्म घ्यावयाचा तर पहिला पणास लावावा लागतो, आणि तो पणास लावतांना ज्या वेणा सोसाव्या लागतात त्यांचा हिशेब कोणत्याही खातेवहींत मांडला जात नाहीं. बाळंतीण दगावूं नये, ही इच्छा सर्वांचीच असते. तिच्या वेदना कमी व्हाव्या, ही इच्छा किती जण बोलून दाखवितात? वेदना हा स्त्रीजातीचा धर्मच आहे, अशी समजूत केवळ आपल्याच देशांत होती असें नव्हे. या समजुतीविरुद्ध ज्यांनीं उभा दावा मांडला त्या सर जेम्स यंग सिम्सन यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सिम्सन यांचा जन्म स्कॉटलंडांतील बाथगेट या गांवीं ७ जून १८११ रोजीं झाला. बाप पाव भाजून विकणारा. घरांत भावंडें पुष्कळ आणि पैका बेताचा. जेम्स नऊ वर्षांचा असतां आई वारली. धाकट्या भावाची बुद्धि ओळखून वडील भावंडांनीं आपल्या मिळकतींतून पैसे बाजूस काढले, आणि वयाच्या चौदाव्या वर्षीं हा मुलगा एडिंबरोच्या विद्यापीठांत दाखल झाला. पावाच्या दुकानाच्या गल्ल्यांतून जगास याहून मोठा लाभ क्वचितच झाला असेल, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

त्या काळीं शस्त्रक्रिया म्हणजे माणसास शुद्धीवर ठेवून कापणें. प्रसिद्ध शस्त्रवैद्य लिस्टन यांनीं एका गरीब बाईच्या स्तनावर केलेली शस्त्रक्रिया या विद्यार्थ्यानें पाहिली. त्याचें मन इतकें विटलें कीं, वैद्यक सोडून वकिलाकडे कारकुनी मागण्यासाठीं तो तडक न्यायकचेरीकडे निघाला, असें त्याचे चरित्रकार सांगतात. परंतु लवकरच त्याचा विचार पालटला. आणि या वेदना थांबविण्यास कांहींच उपाय नाहीं काय, हा प्रश्न मनांत घेऊन तो माघारी फिरला. आमच्या धंद्यास एक कारकून अंतरला याचें आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं.

१८४० सालीं एडिंबरो येथें प्रसूतिशास्त्राच्या अध्यापकाची जागा भरावयाची होती. उमेदवार अवघा अठ्ठावीस वर्षांचा आणि अविवाहित, असे आक्षेप होते. सिम्सन यांनीं १८३९ च्या डिसेंबरांत लग्न करून दुसऱ्या आक्षेपाचा निकाल लावला, आणि नगरसभेंत एका मताच्या आधिक्यानें जागा मिळविली.

ऑक्टोबर १८४६ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ईथरची वाफ हुंगवून वेदनेवांचून शस्त्रक्रिया झाली. ही वार्ता येतांच सिम्सन यांच्या मनांत आपल्या प्रसूतिगृहांतील स्त्रिया उभ्या राहिल्या. परंतु येथें एक अडचण होती. बाई बेशुद्ध झाली तर गर्भाशयाचें काम थांबेल काय? १९ जानेवारी १८४७ रोजीं अरुंद कटीच्या एका स्त्रीस त्यांनीं ईथर दिलें, आणि उत्तर मिळालें: कळा चालूच राहिल्या, जाणीव मात्र गेली. गर्भाशयाचें कार्य आणि स्त्रीचें दुःख हीं दोन निराळीं आहेत, एकावांचून दुसरें चालूं शकतें, हा या प्रयोगाचा खरा निष्कर्ष होय.

ईथरचा वास उग्र, छातीस त्रासदायक, आणि तें लागेही पुष्कळ. म्हणून सिम्सन व त्यांचे सहकारी कीथ आणि डंकन हे रात्रीं जेवणाच्या टेबलाभोंवतीं बसून निरनिराळीं द्रव्यें स्वतः हुंगूं लागले. ४ नोव्हेंबर १८४७ रोजीं क्लोरोफॉर्मची पाळी आली, आणि तिघेही टेबलाखालीं कोसळले. चारच दिवसांनीं, ८ नोव्हेंबरला, तें एका प्रसूत होणाऱ्या स्त्रीस देण्यांत आलें. हिचा पति हिंदुस्थानांत वैद्यकी करून परतलेला होता. पूर्वींच्या खेपेस तीन दिवस वेणा देऊन अखेर मूल हातचें गेलें होतें. या वेळीं ती जागी झाली तेव्हां सर्व पार पडलें होतें, आणि समोर धरलेलें जिवंत मूल आपलेंच आहे हें तिला पटवितां पटवितां मंडळींस पुरेवाट झाली.

मग विरोध उठला. ईव्हला दुःखानें प्रसवण्याचा शाप आहे, तो मोडणें पाप, असा धार्मिक आक्षेप होता. डिसेंबर १८४७ मध्यें पुस्तिका काढून सिम्सन यांनीं तो शास्त्राधारेंच खोडला: मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ श्रम असा आहे, शिवाय आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं ईश्वरानेंच त्यास गाढ निद्रा आणली होती. धर्मगुरूंचा हा विरोध पुढें सांगितला गेला तितका मोठा नव्हता, असें अलीकडील इतिहासकारांस आढळलें आहे. अधिक कडवा विरोध समव्यवसायी डॉक्टरांचाच. प्रसूतिवेदना नैसर्गिक व म्हणून इष्ट, असें फिलाडेल्फियाचे मेग्ज प्रतिपादन करीत. चालणेंही नैसर्गिकच आहे, मग गाडींत कां बसावें, असा सिम्सन यांचा जबाब होता.

७ एप्रिल १८५३ रोजीं डॉ. जॉन स्नो यांनीं राणी व्हिक्टोरिया यांस प्रसूतिसमयीं क्लोरोफॉर्म दिलें, आणि या उपचारास प्रतिष्ठा आली. शेंकडों गरीब स्त्रियांच्या आक्रोशानें जें झालें नाहीं तें राजवाड्यांतील एका रुमालानें झालें, हें मनुष्यस्वभावास भूषणावह नाहीं.

सिम्सन निर्दोष नव्हते. जानेवारी १८४८ मध्यें न्यूकॅसलजवळ पायाचें नख काढतांना क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची मुलगी दगावली. तेव्हां त्यांनीं दोष औषधावर न ठेवतां तिला पाजलेल्या पाणी व ब्रँडीवर ठेवला. क्लोरोफॉर्म हृदयास व यकृतास घातक ठरूं शकतें, हें पुढें सिद्ध होऊन तें वापरांतून गेलें. परंतु स्त्रियांस वैद्यकविद्येचीं दारें बंद असतां एमिली ब्लॅकवेल यांस त्यांनीं आपल्या हाताखालीं शिकूं दिलें, हेंही त्यांच्या जमेस धरलें पाहिजे. ६ मे १८७० रोजीं ते निवर्तले. वेस्टमिन्स्टर येथील थोरांच्या स्मशानांत जागा देऊं केली असतांही कुटुंबीयांनीं त्यांस एडिंबरोंतच पुरलें.

द्रव्य गेलें, तत्त्व राहिलें. आज पाठीच्या कण्याजवळ औषध सोडून स्त्रीस शुद्धीवर ठेवूनही वेदना शमवितां येतात. आणि निरोगी स्त्रीनें मागितल्यास असा उपाय द्यावा, तसेंच तिच्या पसंतीचें माणूस जवळ असूं द्यावें, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. उपाय नको असेल तर तोही तिचाच अधिकार. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तिला विचारा. लेकीच्या लग्नांत मांडवाचा खर्च न मोजणारा गृहस्थ तिच्या बाळंतपणांत भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी ऐकून, आमच्या आईनें नाहीं का सोसलें, असें म्हणतो. आणि कळा असह्य होऊन ओरडणाऱ्या बाईस खोलींतलीच माणसें दटावतात. आईनें सोसलें, कारण तिच्यापुढें दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे, पण तो मोठ्या शहरांतील पैसेवाल्यांपुरताच राहूं नये. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ नेमले जावे, ही मागणी नगरवासीयांनीं व व्यापारी मंडळांनीं लावून धरावी. आणि दवाखान्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं, सातवा महिना लागला कीं, ओटीभरणाच्या यादीबरोबर हाही एक प्रश्न घरांत मोकळेपणानें निघूं द्यावा.