रस्त्याकडेच्या निळ्या वेली

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर असताना नाशिककडच्या एका द्राक्षबागेचा पाहणी अहवाल मी लिहिला होता : मणी हिरवेगार, पीक उत्तम. पंधरवड्यात बागायतदार दारात उभा. मणी तपकिरी होऊन सुरकुतले होते. वर पांढरी बुरशी मात्र कुठेच नाही. केवडा देठातून आत शिरून बसला होता आणि मी बाहेरून पाहून सही ठोकली होती. त्या वर्षी त्याने घरातले सोने मोडले. तेव्हापासून मिलार्देविषयी मिळेल ते वाचत आलो.

पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे १८३८ साली फ्रान्सच्या ज्युरा भागात जन्मला. जर्मनीत दे बारीसारख्या गुरूकडे शिकून १८७६ मध्ये तो बोर्दोला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. तेव्हा फायलोक्सेरा ही कीड फ्रेंच द्राक्षवेलींच्या अक्षरशः मुळावर उठली होती. तोड म्हणून अमेरिकन खुंटांवर कलमे बांधण्यात मिलार्दे आघाडीवर होता. पण अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर केवडाही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला. आगीतून फुफाट्यात!

ऑक्टोबर १८८२. मेदोकमधल्या सँ-ज्युलियाँ गावाजवळून जाताना त्याला दिसले की बागांची पाने गळून गेली आहेत, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत आणि त्यांच्या पानांवर निळसर थर आहे. चौकशी केली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत, म्हणून मालकांनी मोरचूद आणि चुना शिंपडला होता. चोरांसाठी केलेली युक्ती! दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. याने एर्नेस्त दाविद या बागव्यवस्थापकाला आणि गायाँ या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली : शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, तीस लिटरमध्ये पंधरा किलो चुना. आपले बागायतदार ज्याला नुसते बोर्डो म्हणतात, ते हेच. प्रमाण आता बरेच कमी असते.

मात्र हे औषध आत शिरलेल्या रोगाला काहीच करीत नाही. केवड्याचे बीजाणू दवाच्या थेंबात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. तांबे त्यांना तिथेच, बाहेर मारते. म्हणून फवारणी डाग दिसण्याआधी, बाग निरोगी असतानाच करायची. डोळ्यांना काही दिसत नसताना खर्च करा, हे शेतकऱ्याला पटवणे सोपे नव्हते. बँकेला तर त्याहून नाही.

मिलार्दे १९०२ मध्ये बोर्दोलाच वारला. पुढच्या हंगामात त्याच बागेत मी चार घडांतले मणी चिरून पाहिले, मग अहवाल लिहिला.