तोफखान्यातून आकाशात

जालना म्हटले की लोकांना बी-बियाणे, मोसंबी आणि लोखंडाचे कारखाने आठवतात. आमच्या गावाचा विमानाशी काही संबंध असेल, असे मलाही कधी वाटले नव्हते. पण हिंदुस्थानात लष्करी कामासाठी विमान वापरण्याचे अगदी पहिले प्रयोग झाले, ते आपल्याच मुलखावर. त्या विमानात बसलेल्या एका तोफखान्याच्या कॅप्टनचे पुढचे सारे आयुष्य त्यामुळे बदलून गेले. त्यांचे नाव विल्यम सेफ्टन ब्रँकर.

ब्रँकर यांचा जन्म १८७७ मध्ये इंग्लंडात वुलिच येथे झाला. १८९६ मध्ये ते तोफखान्यात दाखल झाले, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात लढले आणि नंतर हिंदुस्थानात आले. इथपर्यंत त्यांची कहाणी चारचौघा गोऱ्या अधिकाऱ्यांसारखीच आहे.

१९१० च्या अखेरीस ब्रिस्टल कंपनीने आपली विमाने दाखवायला कलकत्त्याला पाठवली. ब्रँकर तेव्हा तिथेच कामावर होते. ‘बॉक्सकाइट’ नावाचे ते यंत्र म्हणजे लाकडी काठ्या, तारा आणि कापड यांचा सांगाडा. त्याला पन्नास अश्वशक्तीचे इंजिन. बसणाऱ्याला भिंत नाही, छप्पर नाही. पाय थेट हवेत! झ्युलेरो नावाच्या फ्रेंच वैमानिकाच्या मागे बसून ब्रँकर हवेत गेले आणि त्या यंत्राच्या प्रेमातच पडले.

जानेवारी १९११ मध्ये दख्खनच्या घोडदळाच्या कवायती आपल्याकडे भरल्या. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते; आपला स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. औरंगाबाद राखणारी एक फौज आणि जालन्याकडून चालून येणारा लुटुपुटीचा शत्रू, असा तो डाव होता. झ्युलेरो विमान चालवीत आणि ब्रँकर खाली पाहून नोंदी करीत. बातमी आणायला घोडेस्वारांचे घोडे दिवसभर दमले असते. ती बातमी सकाळच्या सकाळी सेनापतीच्या हातात पडली. त्या दिवशी शेतात ज्वारी राखणाऱ्या आपल्या पणजोबांनी वर पाहून काय म्हटले असेल, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. इतिहास त्यांना विचारायला गेला नाही.

एवढे होऊनही सरकारने ती विमाने घेतली नाहीत. ब्रँकर मात्र मागे फिरले नाहीत. मी स्वतः विज्ञान शाखा सोडून कला शाखेत आलो, तेव्हा घरचे आणि शेजारचे किती दिवस तोंड वाकडे करीत होते! लष्करात तर पलटण हेच घर. १९१२ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर निघाली, तेव्हा तिकडे जाऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याला उड्डाणाचा दाखला आधी स्वतःच्या पैशाने मिळवावा लागे. निवड झाली तर पैसे परत. ब्रँकर यांनी तो दाखला १९१३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळवला. वैमानिक म्हणून ते फार तरबेज नव्हते म्हणतात. मला ही गोष्ट विशेष आवडते.

त्यांची खरी करामत कचेरीत दिसली. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि वरिष्ठ फ्रान्सला गेले, तेव्हा मागचा सारा पसारा त्यांच्या अंगावर पडला. सुरुवातीला फ्रान्सला गेलेली स्क्वॉड्रन होती अवघी चार. यांच्या खात्याने पन्नासची योजना मांडली, तर युद्धमंत्री किचनेर (आपल्याकडे सरसेनापती होते तेच) यांनी आकडा दुप्पट करून कागद परत पाठवला! विमाने, माणसे, शाळा, सगळे उभे करायचे होते. १९१८ मध्ये रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल झाले, तोवर कॅप्टनचे मेजर जनरल झाले होते.

आज नाशिकला सेनेच्या विमान दलाच्या शाळेत तोफखान्याचे, पायदळाचे अधिकारी हेलिकॉप्टर शिकायला येतात. आपल्या सेनेचे हे दल १९८६ मध्ये स्थापन झाले. चीता हेलिकॉप्टरमधून तोफांचा मारा कुठे पडतो हे पाहणारा अधिकारी मूळचा तोफखान्यातला असला, तर त्याला ब्रँकर यांची वाट ओळखीची वाटेल.

१९२२ पासून ब्रँकर नागरी विमान वाहतुकीचे संचालक होते. हिंदुस्थानात हवाई जहाजांचे तळ उभारण्याची बोलणी करायला त्यांना पाठवायचे ठरले, तेव्हा बोटीने कशाला, म्हणून ते १९२४ मध्ये ॲलन कोबम यांच्याबरोबर विमानानेच निघाले आणि थेट रंगूनपर्यंत जाऊन आले.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ‘आर १०१’ हे प्रचंड हवाई जहाज इंग्लंडातून कराचीकडे निघाले. ब्रँकर त्यात होते. मध्यरात्रीनंतर वादळी पावसात ते फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटले. चौपन्नांपैकी अठ्ठेचाळीस माणसे गेली. त्यांत ब्रँकरही गेले. कराचीला त्या जहाजासाठी बांधलेल्या अवाढव्य शेडमध्ये ते कधी पोहोचलेच नाही.