खिडकीची देणगी

(ज्या रोग्याचा आजार बरा होणार नाही, त्याच्यासाठी काय करता येईल? डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी आपले सारे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालवले. त्यांच्या कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, घरात कोणी आजारी पडले की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर तपासतात, औषध देतात आणि बहुतेक वेळा रोगी बरा होतो. पण काही आजारांपुढे डॉक्टरांचेही काही चालत नाही. मग घरच्या माणसांना सांगितले जाते, की आता करण्यासारखे काही उरले नाही, रोग्याला घरी घेऊन जा. अशा वेळी खरोखरच काही करता येत नाही का? या प्रश्नाने ज्यांना स्वस्थ बसू दिले नाही, अशा एका बाईंची ही हकीकत आहे.

सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळच्या बार्नेट या गावी झाला. घरी पैशांची कमतरता नव्हती. पण सिसिली अंगाने उंच आणि स्वभावाने लाजाळू होती. शाळेत तिचे मन रमत नसे. एकटेपणा म्हणजे काय, हे तिला लहानपणीच कळले.

पुढे ती ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकू लागली. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. तेव्हा तिने अभ्यास सोडला आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. हे काम तिला मनापासून आवडले. पण तिची पाठ फार दुखत असे. रोग्यांना उचलणे, फिरवणे तिला झेपेना. शेवटी परिचारिकेचे काम तिला सोडावे लागले. तरी तिने रोग्यांची साथ सोडली नाही. ती रुग्णालयातच समाजसेविका झाली. रोग्यांच्या घरच्या अडचणी समजून घेणे आणि त्यांना मदत मिळवून देणे, हे तिचे नवे काम होते.

या कामात सिसिलींना १९४७ साली डेव्हिड टास्मा नावाचा रोगी भेटला. तो पोलंडमधून आलेला ज्यू होता आणि लंडनमध्ये वेटरचे काम करत होता. त्याला कॅन्सर झाला होता. परक्या शहरात त्याचे जवळचे असे कोणी नव्हते. सिसिली त्याच्याजवळ जाऊन बसत. दोघे तासन् तास बोलत. मरणाच्या दारात असलेल्या माणसांसाठी एखादी शांत जागा असावी, तेथे वेदना कमी करणारे औषध मिळावे आणि ऐकून घेणारे माणूसही मिळावे, असे विचार त्या बोलण्यातून पुढे आले. फेब्रुवारी १९४८ मध्ये डेव्हिड वारला. जाताना त्याने आपल्या बचतीतले ५०० पौंड सिसिलींना दिले. त्या जे घर बांधतील, त्या घराची आपण एक खिडकी व्हावे, अशी त्याची इच्छा होती. घराचा तर अजून पत्ताही नव्हता! पण खिडकी मिळाली होती.

त्यानंतर सिसिली संध्याकाळच्या वेळी एका रुग्णालयात विनावेतन सेवा करू लागल्या. तेथे असाध्य रोग्यांना ठेवत असत. या रोग्यांचे हाल थांबवायचे असतील, तर आपण स्वतः डॉक्टर झाले पाहिजे, नाहीतर आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या वेळी त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. बरोबरीचे विद्यार्थी त्यांच्याहून कितीतरी लहान होते. तरीही त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या.

१९५८ पासून त्या लंडनमधील सेंट जोसेफ या संस्थेत काम करू लागल्या. कॅन्सरच्या रोग्यांना फार वेदना होत. अफूपासून मिळणारे मॉर्फिन हे औषध त्या वेदना थांबवू शकते. पण सवय लागेल या भीतीने डॉक्टर ते देताना हात आखडता घेत. रोगी कळवळू लागला की मगच औषध मिळे. डॉ. सॉन्डर्स यांनी ही पद्धत बदलली. घड्याळाप्रमाणे, ठरलेल्या वेळी, वेदना परत येण्याआधीच योग्य तेवढे मॉर्फिन तोंडाने द्यायला त्यांनी सुरुवात केली. त्यांनी शेकडो रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. अशा रीतीने औषध दिले, तर रोगी वेदनेतून सुटतो, शुद्धीवर राहतो आणि आपल्या माणसांशी बोलू शकतो, असे त्या नोंदींवरून दिसून आले.

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. वेदना फक्त शरीराला होत नाही. आपल्यामागे मुलांचे कसे होईल, ही काळजी असते. पैशांची चिंता असते. मनात भीती असते. ही सारी मिळून एकच मोठी वेदना होते. म्हणून इलाजही साऱ्यांचा केला पाहिजे.

डॉ. सॉन्डर्स यांनी अनेक वर्षे खटपट करून पैसा जमवला. १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस सुरू झाले. हॉस्पिस म्हणजे पूर्वी थकलेल्या प्रवाशांना विसावा देणारी जागा, आपला मुसाफिरखानाच म्हणा ना! आयुष्याचा प्रवास संपत आलेल्या माणसांसाठी हे नाव किती योग्य होते! डेव्हिडची खिडकी अखेर त्या इमारतीला लागली. मधे १९ वर्षे गेली होती. १९६९ पासून तेथील परिचारिका रोग्यांच्या घरी जाऊनही सेवा करू लागल्या. रोगी गेल्यावर मागे राहिलेल्या दुःखी नातलगांना धीर देण्याचे कामही या संस्थेने हाती घेतले.

ही कल्पना लवकरच समुद्रापलीकडे पोहोचली. आफ्रिकेत झिंबाब्वेची राजधानी हरारे आहे. त्या शहराचे नाव सॉल्सबरी होते, तेव्हा १९७९ साली तेथे आयलंड हॉस्पिस ही संस्था स्थापन झाली. आफ्रिकेतील ही पहिली हॉस्पिस संस्था होय. ती सुरू करणाऱ्या मॉरीन बटरफिल्ड यांची मुलगी कॅन्सरने गेली होती. आपले दुःख उगाळत न बसता त्यांनी ते इतरांच्या कामी लावले. या संस्थेचे लोक रोग्यांच्या घरी जात. घरातल्या माणसांना सेवा कशी करावी ते शिकवत. पुढे एड्सच्या साथीने त्या देशात असंख्य मुलांचे आईबाप हिरावून नेले. अशा मुलांना बोलते करणे आणि त्यांच्या मनावरचे ओझे हलके करणे, हेही या संस्थेने आपले काम मानले.

युगांडा देशात १९९३ साली डॉ. ॲन मेरिमन यांनी कंपाला शहरात असेच काम सुरू केले. तेथे महागडी औषधे परवडणारी नव्हती. म्हणून मॉर्फिनची पूड पाण्यात मिसळून स्वस्त औषध तयार केले जाई. कमीजास्त ताकदीचे औषध ओळखता यावे, म्हणून त्यात वेगवेगळे रंग घालत. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून ते रोग्यांना देत. पण खेड्यापाड्यांत डॉक्टर फार थोडे. मग औषध लिहून द्यायचे कोणी? २००४ साली युगांडाच्या सरकारने कायदा बदलला आणि खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनाही मॉर्फिन देण्याची परवानगी दिली.

आपल्या देशातही हा विचार आला. १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले. ते भारतातील पहिले हॉस्पिस होय.

१४ जुलै २००५ रोजी डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचे कॅन्सरने निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ८७ वर्षांचे होते. त्यांनी शेवटचे दिवस त्यांनीच उभारलेल्या सेंट क्रिस्टोफर हॉस्पिसमध्ये काढले.

मुलांनो, तुमच्या शेजारीपाजारी एखादे म्हातारे किंवा दुखणेकरी माणूस अंथरुणाला खिळून असेल. तुम्ही डॉक्टर नाही, त्याचा रोग बरा करू शकत नाही. पण त्याच्याजवळ घटकाभर बसू शकता, पाण्याचा पेला देऊ शकता आणि त्याचे बोलणे ऐकू शकता. इलाज संपला तरी सेवा संपत नाही, हेच डॉ. सॉन्डर्स यांनी जगाला दाखवून दिले.

शब्दार्थ
असाध्य – बरा न होणारा
हात आखडता घेणे – कमी देणे
खटपट – प्रयत्न, धडपड
अंथरुणाला खिळणे – आजारामुळे उठता न येणे

स्वाध्याय
१. सिसिली यांना परिचारिकेचे काम का सोडावे लागले?
२. डेव्हिड टास्मा याची इच्छा कोणती होती?
३. मॉर्फिन देण्याच्या पद्धतीत डॉ. सॉन्डर्स यांनी कोणता बदल केला?
४. युगांडात परिचारिकांना मॉर्फिन देण्याची परवानगी का द्यावी लागली?
५. तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजारी माणसाला तुम्ही कशी मदत कराल, ते पाच वाक्यांत लिहा.