देवीच्या वाटेवरचं चित्रघर

दर मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येतात. घर साताऱ्यात, त्यामुळे त्यांचा पुढचा मुक्काम महाबळेश्वर, हे ठरलेलंच. डबे भरून मीही बरोबर जाते. वेण्णा तलावात नाव, पॉइंटवर भाजलेलं कणीस, येताना सरबताच्या बाटल्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली, या फेऱ्या मोजायच्या मी केव्हाच सोडून दिल्या.

मागच्या वर्षी महाबळेश्वरला जेवता जेवता भाचीनं विचारलं, मामी, औंधचं संग्रहालय इथून किती लांब? मी गप्पच बसले. साताऱ्याहून रहिमतपूरच्या वाटेनं गेलं तर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. यमाईच्या दर्शनाला मी दोनदा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा डोंगरावरच्या त्या इमारतीवरून तशीच पुढे गेले होते. लाजच वाटली. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी निघालो. सासूबाई देवीच्या ओढीनं आल्या, पण चित्रं बघून मला अडाणीला काय कळणार, हे त्यांनी गाडीतच सांगून ठेवलं.

मैत्रिणींनो, हे संग्रहालय ज्यांनी उभं केलं, ते औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 1868 चा. 1909 साली गादीवर आले, तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. संस्थान म्हणजे सातारा, सांगली भागांत विखुरलेली सत्तर-बहात्तर गावं, त्यातली कितीतरी दुष्काळी. बडोदा-कोल्हापूरच्या मानानं अगदीच लहान. पण माणूस मोठा हौशी! स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि शाळेतल्या मुलामुलींकडूनही घालून घ्यायचे. आज आपण योगाच्या वर्गात सूर्यनमस्कार घालतो, त्यांच्या प्रसारात या राजाचा मोठा वाटा आहे. 1916 साली त्यांचं चित्ररामायण निघालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तिला त्यांनी पैसाही दिला आणि चित्रंही.

दुसऱ्याचं घर उभं करून द्यायची तर त्यांना सवयच असावी. 1910 च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा गेली. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि दगडधोंड्यांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या आई-आजीनं जपून ठेवलेलं ‘स्त्री’ मासिक 1930 साली तिथूनच सुरू झालं. गरीब मुलांच्या शिक्षणाची आणि जेवणाची सोय औंधला होते म्हणून कोकणातून साने गुरुजी तिथल्या शाळेत आले होते. पुढे ग. दि. माडगूळकरही औंधला शिकले.

हे सगळं भाची मला वाटेत सांगत होती आणि मी साताऱ्याची असून ऐकत होते.

संग्रहालयाची इमारत 1938 ची. राजवाड्यात नाही की पुण्या-मुंबईत नाही, यमाईच्या डोंगरावर, दर्शनाला जायच्या वाटेवर. हे का, ते आत गेल्यावर माझं मला उमगलं. देवीला येणारी बाई हातात नारळ घेऊन येणार, पोरं कडेवर असणार. ती मुद्दाम चित्रं बघायला कशाला शहरात जाईल? तिच्या वाटेवरच चित्रं ठेवली, तर मात्र आत डोकावेल.

आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, जुनी लघुचित्रं, हस्तिदंती कोरीवकाम, युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकला आहेत. सासूबाई पुढे पुढे चालल्या होत्या. एका दगडी मूर्तीपाशी मात्र थांबल्या. आई आणि मूल. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं काम. ज्याची शिल्पं बघायला लोक लंडन-न्यूयॉर्कला जातात, त्याचं शिल्प आपल्या खटाव तालुक्यात! सासूबाईंना हे नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. नाकडोळे नीट नाहीत, अशी आधी त्यांनी तक्रार केली. मग बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, की तापलेल्या पोराला रात्रभर असंच धरून बसावं लागतं. आमचे मोठे दीर लहानपणीच तापानं गेले. सासूबाई त्यांच्याविषयी कधीच बोलत नाहीत. त्या दिवशी परतीच्या वाटेवर पहिल्यांदा बोलल्या.

संग्रहालय झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी, 1939 मध्ये, बाळासाहेबांनी राज्यकारभारही लोकांच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली. त्या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब होते आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडहून आलेले इंजिनिअर होते. गावोगावच्या पंचायतींना अधिकार मिळाले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचलेला. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1951 मध्ये बाळासाहेब गेले. राज्य राहिलं नाही, चित्रं मात्र देवीच्या वाटेवर आहेत आणि आता सरकार त्यांची देखभाल करतं.

आपल्याकडे काही बघण्यासारखं नाही, असं आपण सहज म्हणून टाकतो. मी तर तेवीस वर्षं म्हणत होते. संग्रहालय म्हणजे शिकलेल्यांची जागा, हेही मनात पक्कं बसलेलं. सासूबाईंनी ते एका दुपारीत खोटं ठरवलं.

यंदा पाहुण्यांचा फोन आला, तेव्हा मी आधी औंध, मग महाबळेश्वर असं सांगून टाकलं. फोन ठेवते न ठेवते तोच आतून सासूबाईंनी विचारलं, गाडीत माझ्यासाठी जागा आहे ना?