देबूजींच्या घरचं बारसं

दारूपायी बाप गेला, तेव्हा अमरावतीकडच्या शेंडगावचा देबूजी लहान होता. आईसोबत तो मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे आला. तिथं ढोरं राखली, शेती कसली. पुढं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू-मटण द्यायचं, प्रसंगी कर्ज काढून, ही रीत. देबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद रुसले. बापाचा शेवट पाहिलेला माणूस लेकीच्या बारशाला दारू कशी वाढणार? अकीक्याच्या दावतीसाठी उसनवारी करणाऱ्या आमच्या घरांनाही ही ओढाताण ओळखीची आहे. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं, तेच गाडगेबाबा. मागं लेकरं कुंताबाईंनी सांभाळली. त्यांच्याविषयी मात्र फार थोडं लिहिलं गेलं.